स्ट्रॉबेरीचा वास

[दृश्य: टेबल लॅम्पच्या उजेडात उघडं पुस्तक. पान उलटल्याचा आवाज.]

जीवशास्त्राच्या वर्गात एकच जागा रिकामी असते. शाळेत नव्यानं आलेली बेला तिथं जाऊन बसते, आणि शेजारचा मुलगा अंग चोरून पार टोकाला सरकतो. तोंड फिरवतो. मांडीवरची त्याची मूठ तासभर सुटत नाही. बेला काय करते? हळूच आपलेच केस हुंगून बघते. स्ट्रॉबेरीचा वास येतो, तिच्या आवडत्या शाम्पूचा. मग याला झालं तरी काय?

'ट्वायलाइट' या कादंबरीमालिकेत बेला आणि एडवर्ड पहिल्यांदा शेजारी बसतात ते असे. तो व्हॅम्पायर, म्हणजे रक्तावर जगणारा, न मरणारा जीव आहे हे आपल्याला बहुतेक वेळा पुस्तक उघडण्याआधीच माहीत असतं. तरीही चौदाव्या-पंधराव्या वर्षी हे पान वाचताना मन अडकतं ते त्या केस हुंगण्यापाशी. समोरच्यानं तोंड फिरवलं की खोट आपल्यातच असणार, असं वाटायचं ते वय. लेखिका स्टेफनी मायरबाईंनी ते एका साध्या हालचालीत पकडलंय, आणि ही मालिका हातातून का सुटत नाही याचं माझ्या लेखी पहिलं उत्तर तिथंच आहे.

स्टेफनी मायर यांना ही गोष्ट स्वप्नात दिसली. तारीख 2 जून 2003. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनासारख्या रखरखीत राज्यात राहणारी, तीन लहान मुलांची आई. स्वप्नात जंगलातली मोकळी हिरवळ, एक साधीशी मुलगी आणि उन्हात चमचमणारा व्हॅम्पायर. दोघं प्रेमात पडलेत आणि तिच्या रक्ताच्या वासानं त्याचा जीव कासावीस होतोय. सकाळी उठून त्यांनी ते लिहून काढलं. आज ते पहिल्या पुस्तकाचं तेरावं प्रकरण आहे. बाकीची गोष्ट त्याच्या मागेपुढे वाढत गेली. गावासाठी त्यांनी अमेरिकेतला भरपूर पावसाचा, ढगाळ भाग शोधला आणि त्यांना वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स सापडलं. पहिलं पुस्तक 2005 साली आलं, चौथं 2008 साली. जगभरात 10 कोटींहून जास्त प्रती खपल्या.

[दृश्य: ढगांमागून हळूहळू येणारं ऊन.]

उन्हात चमचमणारा व्हॅम्पायर पाहून कित्येकांनी नाकं मुरडली. व्हॅम्पायर म्हणजे उन्हानं मरायलाच हवा, असा त्यांचा आग्रह. पण 1897 च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतला व्हॅम्पायर, काउंट ड्रॅक्युला, लंडनमध्ये भरदिवसा फिरतो. सूर्यप्रकाशानं त्याचा अंत होतो ही कल्पना रुजवली 1922 च्या 'नोस्फेराटू' या मूकपटानं. आणि त्याहून मागं गेलं तर? 1725 साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटर ब्लागोयेविच नावाच्या मेलेल्या माणसाची कबर गावकऱ्यांनी उघडली. केस-नखं वाढलेली वाटली, तोंडाशी रक्त दिसलं, म्हणून प्रेताच्या छातीत खुंटा ठोकला. मेल्यावर कातडी आकसते आणि नखं लांब दिसू लागतात, हे त्यांना कोण सांगणार? तो व्हॅम्पायर खेडेगावातला साधा माणूस होता. त्याला उमरावाचा रुबाब दिला जॉन पॉलिडोरीनं, 1819 च्या कथेत. तेव्हा खरा व्हॅम्पायर कुठला, हा वाद मला फार वेळ घालवण्यासारखा वाटत नाही. एडवर्डचं वेगळेपण चमचमण्यात नाहीच. तो भुकेला आहे आणि खात नाही, हे त्याचं वेगळेपण. त्याचं कुटुंब फक्त प्राण्यांचं रक्त पितं आणि स्वतःला शाकाहारी म्हणवतं. आपल्याच शरीराची नव्यानं भीती वाटू लागलेल्या वयात, स्वतःला रोज आवरणाऱ्या नायकाची ओढ वाटणं अगदी साहजिक आहे.

मालिका वाचण्याची खरी गंमत मात्र दुसऱ्या भागात, 'न्यू मून'मध्ये उलगडते. बेलाचा अठरावा वाढदिवस. त्या सकाळच्या स्वप्नात तिला तिची आजी दिसते आणि क्षणभरानं लक्षात येतं की समोर आरसा आहे. ती सुरकुतलेली बाई ती स्वतःच आहे, आणि शेजारी एडवर्ड सतराचाच. 1918 च्या फ्लूच्या साथीत मरता मरता त्याला व्हॅम्पायर केलं गेलं, त्यानंतर त्याचं वय हललेलं नाही.

त्याच संध्याकाळी एडवर्डच्या घरी ती भेटवस्तू उघडत असते. वेष्टणाच्या कागदाखाली बोट सरकवते आणि कागदाच्या कडेनं ते कापतं. रक्ताचा एक थेंब. एडवर्डचा भाऊ जास्पर तिच्यावर झेप घेतो. इथं एकदा आपल्या हाताकडे बघा. अंगठा पानाच्या कडेवर असतो. तोच कागद, तीच धार. सुळे आणि शवपेट्यांनी भरलेल्या कितीतरी गोष्टी मी वाचल्या, पण कागदानं कापलेल्या बोटाइतकी भीती मला कशाचीच वाटली नाही.

[दृश्य: एकामागून एक, जवळजवळ कोरी पानं.]

काही दिवसांनी एडवर्ड तिला सोडून जातो. आणि पुस्तक गप्प होतं. पान उलटलं की फक्त एक शब्द: ऑक्टोबर. पुढं नोव्हेंबर. मग डिसेंबर. मग जानेवारी. मजकूर काहीच नाही. पहिल्यांदा वाचणाऱ्याला छपाईत चूक झाली असं वाटतं. मग हात आपोआप मंदावतो. दुःखाचं वर्णन शंभर पानं करता आलं असतं. इथं ते वाचणाऱ्याच्या बोटांना करायला लावलंय.

[शांतता. चार सेकंद.]

मोठेपणी पुन्हा वाचताना काही गोष्टी खटकतात, आणि त्या खटकायलाच हव्यात. एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत शिरतो, ती झोपलेली असताना तिला बघत बसतो. तिला याचा पत्ताही नसतो. पंधराव्या वर्षी मला हे प्रेम वाटलं होतं. आज ते पान वाचताना मी थांबते. आपल्या घरातली मुलगी हे वाचत असेल तर पुस्तक काढून घेऊ नये. शेजारी बसावं आणि विचारावं, तुला यात काय वाटलं?

दुसरी गोष्ट क्विल्यूट लोकांची. फोर्क्सजवळ समुद्रकाठी ला पुश इथं राहणारा हा खराखुरा आदिवासी समाज. त्यांच्या मूळकथेत त्यांचे पूर्वज लांडग्यांतून माणूस झाले. मालिकेनं त्यावर माणसांचे लांडगे होण्याची स्वतःची कल्पना चढवली आणि त्या समाजाचं नाव जगभर एका काल्पनिक लांडग्यांच्या टोळीशी जोडलं गेलं. खऱ्या ला पुशची चिंता मात्र त्सुनामीची होती. 2012 साली अमेरिकेच्या संसदेनं कायदा करून शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातली उंचावरची जमीन त्यांना दिली, तेव्हा वस्ती वर हलवायची वाट मोकळी झाली. हेही वाचणाऱ्यांच्या कानावर जायला हवं.

[दृश्य: पुन्हा तोच टेबल लॅम्प. शेजारी नवं, जाडजूड पुस्तक.]

2008 साली मायर हीच गोष्ट एडवर्डच्या तोंडून लिहीत होत्या. अर्धवट हस्तलिखित इंटरनेटवर फुटलं आणि त्यांनी काम थांबवलं. 'मिडनाइट सन' वाचकांच्या हाती पडलं थेट ऑगस्ट 2020 मध्ये. तोवर पहिले वाचक तिशीच्या आसपास पोचले होते.

पुन्हा तोच वर्ग, तीच जागा. पण आता आपण एडवर्डच्या डोक्यात बसलोय. तिच्या रक्ताचा वास येताच घसा जळतो. अख्ख्या वर्गाला कोणत्या क्रमानं मारलं तर कुणाला ओरडायला वेळ मिळणार नाही, याचा तो हिशेब मांडतोय. मूठ घट्ट आवळलेली आहे ती त्यासाठी.

आणि शेजारी ती मुलगी खाली मान घालून बसली आहे, केसांचा पडदा मध्ये ओढून. आपल्या अंगाला काही वाईट वास येतोय का, या काळजीत.