शिवारातून सर्व्हरवर

(दृश्य : सकाळ. फुटलेल्या बोंडांचं शेत, ओटी बांधून वेचणी करणाऱ्या बाया.)

वर्धा जिल्ह्यातला आर्वी तालुका. दिवाळी सरली की इथली पराटी, म्हणजे कपाशी, फुटते आणि वेचणीची एकच घाई होते. ऊन चढायच्या आत बाया शेतात असतात. ही पुढच्या तासातली, म्हणजे पराटीच्या पुढच्या रांगेतली, मुलगीही रोज सकाळी आईसोबत येते, ओटी भरेपर्यंत वेचते. मग घरी जाऊन हातपाय धुते आणि छपरीतल्या बाजेवर लॅपटॉप उघडते.

(दृश्य : काळा पडदा, पांढरी अक्षरं. बोटं.)

या पडद्यावर चित्रं नाहीत, बटणं नाहीत. एक ओळ लिहायची आणि एंटर दाबायचं. ओळ पोचते मुंबईतल्या सर्व्हरवर, म्हणजे इतर संगणकांना सेवा देणाऱ्या संगणकावर. एका कंपनीचे असे चाळीस सर्व्हर तिच्या देखभालीत आहेत. सुरक्षेचे अपडेट चढवायचे, जुन्या नोंदी काढायच्या, डिस्क किती भरली ते पाहायचं, बॅकअप घ्यायचा. यातलं एकही काम ती चाळीस वेळा करत नाही.

या कामासाठी पुणं गाठावं लागतं, असं गावागावांत मुलांना सांगितलं जातं. लागत नाही. कमांड लाइनवरून, म्हणजे या काळ्या पडद्यावरून, ये-जा होते ती फक्त अक्षरांची. या छपरीत मोबाइलच्या रेंजच्या दोनच दांड्या येतात. व्हिडिओ कॉल इथे अडकतो, तुटतो. अक्षरं मात्र जातात.

(दृश्य : पडद्यावर जोडणी होताना. पासवर्ड विचारला जात नाही.)

बघा, तिने पासवर्ड टाकलेला नाही. ही जोडणी एसएसएचची आहे. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे जायची ही रीत, आणि तिची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

१९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी चोरून पासवर्ड टिपले. तेव्हा दूरच्या संगणकावर जायचं म्हणजे टेलनेट वापरायचं, आणि टेलनेटमध्ये पासवर्ड तारेवरून उघडा जायचा. मध्ये बसलेल्या कुणालाही तो जसाच्या तसा वाचता यायचा. त्याच विद्यापीठातले संशोधक तातू युलोनेन यांनी यावर उपाय म्हणून नवा प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी आपसात बोलायची रीत, लिहिला. हेच एसएसएच. सगळं संभाषण सांकेतिक करूनच पाठवायचं, हा त्याचा पाया. त्यांनी तो त्याच वर्षी सर्वांना मोफत दिला. संगणकावर प्रत्येक सेवेला क्रमांकाचं एक दार असतं, त्याला पोर्ट म्हणतात. फाइली पाठवायच्या एफटीपीचं पोर्ट २१ आणि टेलनेटचं २३. मधला २२ हा क्रमांक मोकळा होता, तो त्यांनी मागून घेतला. आज या बाजेवरून निघालेली ओळही पलीकडे २२ क्रमांकाच्या पोर्टवरच पोचते. पुढे १९९९ मध्ये ओपनबीएसडी प्रकल्पाने ओपनएसएसएच हे मुक्त रूप आणलं. या लॅपटॉपवर आहे ते हेच.

पासवर्डच्या जागी इथे किल्ल्यांची जोडी असते, म्हणजे दोन छोट्या फाइली. खाजगी किल्ली लॅपटॉपबाहेर जात नाही, सार्वजनिक किल्ली प्रत्येक सर्व्हरवर ठेवलेली असते. प्रत्येक जोडणीची एक वेगळी खूण ठरते. खाजगी किल्ली ज्याच्याकडे आहे त्यालाच त्यावर बरोबर सही करता येते. शिवाय ही किल्ली स्वतः एका परवलीच्या वाक्याने बंद केलेली आहे. लॅपटॉप चोरीला गेला तरी नुसत्या फाइलने चोराचं काम होणार नाही.

(दृश्य : वही. हाताने काढलेले पाच रकाने.)

ही तिची वही. पाच रकाने आहेत : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. क्रॉन नावाचा प्रोग्राम १९७० च्या दशकापासून युनिक्स या संगणकप्रणालीवर आहे, आणि त्याला काम सांगायची रीत आजही हीच आहे. पाच रकाने भरायचे, पुढे कमांड लिहायची. माणूस झोपलेला असो की शेतात, ठरल्या मिनिटाला काम होतं.

वहीतल्या या ओळीवर कॅमेरा जरा थांबवला आहे. ३० आणि २०, पुढे तीन चांदण्या. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर लावलेलं असतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. सर्व्हरवर रात्रीचे साडेआठ झाले की आर्वीत पहाटेचे दोन वाजलेले असतात. बॅकअप दोन वाजता हवा, म्हणून २० वाजून ३० मिनिटं. आता तेच काम फक्त रविवारी पहाटे करायचं असेल तर वाराच्या रकान्यात शनिवार लिहावा लागतो, कारण सर्व्हरवर तेव्हा शनिवारच चालू असतो. पुस्तकातली उदाहरणं या वळणावर क्वचितच थांबतात. तिच्या वहीत त्याला लाल शाईची चौकट आहे.

त्याखालची सूचनाही वाचण्यासारखी आहे : कमांडचा पूर्ण पत्ता लिहा. हाताने चालवलेली स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची फाइल, व्यवस्थित चालते आणि रात्री क्रॉनकडून तीच बंद पडते, असं नवशिक्याच्या बाबतीत हमखास होतं. कारण क्रॉन तुमच्या नेहमीच्या सेटिंग वाचत नाही. प्रोग्राम कुठे ठेवला आहे, हे त्याला संपूर्ण सांगावं लागतं.

(दृश्य : पडद्यावर हिरव्या-पिवळ्या ओळींची सर. चेहऱ्यावर उजेड.)

आता चाळीसही सर्व्हरवर एकदम. हे अन्सिबल, अनेक सर्व्हरवर एकाच जागेवरून काम करवणारा प्रोग्राम. मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये ते आणलं. सर्व्हरवर त्याचा वेगळा मदतनीस प्रोग्राम (एजंट) बसवावा लागत नाही. एसएसएचची वाट आणि पलीकडे पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा, एवढं पुरतं. एका फाइलमध्ये सर्व्हरची यादी, दुसरीत काय काय असायला हवं त्याचं वर्णन.

वर्णन हा शब्द जाणूनबुजून वापरला. अमुक कर, असं ती सांगत नाही. अमुक स्थिती असली पाहिजे, असं लिहिते. स्थिती आधीच तशी असेल तर अन्सिबल हात लावत नाही, आणि पडद्यावर हिरवी ओळ येते. काही बदलावं लागलं तर पिवळी, अडलं तर लाल. तूर पेरलेल्या तासात कुणी पुन्हा तूर पेरत नाही, तसंच हे. म्हणून एकच फाइल दहादा चालवली तरी बिघाड होत नाही. मात्र ती नीट लिहिलेली हवी. नुसत्या शेल कमांड, म्हणजे थेट ‘अमुक कर’ सांगणाऱ्या ओळी, भरून ठेवल्या तर ही हमी राहत नाही.

ओळी पाच-पाचच्या झुबक्यांनी येताना दिसतात, कारण मुळातली सेटिंगच एका वेळी पाच सर्व्हरची आहे. आणि हे सगळं सुरू करण्याआधी तिने काय केलं, तेही पाहा. आधी फक्त तपासणी : काय बदलेल ते दाखव, बदलू नकोस. मग एकाच सर्व्हरवर खरं काम. तो नीट चालतोय हे पाहून मग बाकीचे.

(दृश्य : प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड लिहायची जागा. सर्व्हरचं नाव लाल अक्षरांत.)

भलत्याच सर्व्हरवर कमांड जाऊ नये, म्हणून मुख्य सर्व्हरचं नाव लाल ठेवलेलं आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीत एका अभियंत्याने रात्री उशिरा भलत्याच सर्व्हरवर डेटाचा फोल्डर काढून टाकायची कमांड दिली. ध्यानात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी गेले होते. बॅकअपचे आणि प्रतिकृतीचे पाच मार्ग होते, पण वेळेला त्यातला एकही भरवशाचा निघाला नाही. कुणीतरी सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिने तारलं. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, जगापुढे मांडलं. म्हणूनच आर्वी तालुक्यातल्या मुलीलाही त्यातून शिकता आलं.

(दृश्य : संध्याकाळ. लाइन जाते. पडदा तेवढा उजळ.)

लाइन गेली. राउटर बंद. सर्व्हरवरचं काम अर्धवट असताना जोडणी तुटली. ती उठून चहा ठेवते.

घाई नाही, कारण काम टीमक्समध्ये सुरू आहे. टीमक्स हा सर्व्हरवरच चालणारा प्रोग्राम. जोडणी गेली तरी आतलं सत्र मुंबईत जिवंत राहतं. ती मोबाइलचं हॉटस्पॉट लावते, पुन्हा जोडते, आणि ओळी जिथल्या तिथे. मधल्या वेळात काम पुढेच सरकलेलं आहे. भारनियमनाच्या गावात या एका सवयीने दिवस वाचतो.

या पगारावर घर चालतं. भावाचं शिक्षण सुरू आहे, सोसायटीचं कर्ज फिटत आलं आहे.

(दृश्य : वाचनालय. दोन जुने संगणक, मधोमध एक केबल, भोवती मुलं.)

रविवारी गावच्या वाचनालयात ती शिकवते. दोन जुने संगणक, त्यांना जोडणारी एक केबल, दोन्हींवर युनिक्सच्याच धाटणीची लिनक्स प्रणाली. इंटरनेट नाही. एका संगणकावरून दुसऱ्यावर एसएसएचने जायला इंटरनेट लागतच नाही. एक संगणक मुंबई समजायचा, एक आर्वी. किल्ली बनवणं, क्रॉनची ओळ, आरसिंकने फक्त बदललेला भाग पलीकडे नेणं, सगळं यावर शिकता येतं. तालुक्याच्या कॉलेजांमध्ये असे संगणक धूळ खात पडलेले असतात. ते काढा. मुलांच्या हाती द्या.

आजच्या वर्गाचा धडा सगळ्यात अवघड आहे. मुलांनी गेल्या वेळी घेतलेला बॅकअप आहे, आणि मूळ फोल्डर तिने त्यांच्यासमोर पुसून टाकला आहे. तो परत उभा करायचा, आणि एकूण एक फाइल मोजून दाखवायची.