हात मागे बांधून

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेडमध्ये तुम्ही कधी पाय टाकला असेल, तर सगळ्यात आधी अंगावर येतो तो आवाज. शेजारच्या माणसाचे ओठ हलताना दिसतात, पण शब्द कानापर्यंत पोचत नाहीत. काही सांगायचं तर कानाशी जाऊन ओरडावं लागतं, आणि ओरडणारा माणूस लांबून रागावल्यासारखाच दिसतो. मी सत्ताविसाव्या वर्षी टॉवेलच्या एका कारखान्यात सुपरवायझर झालो, तेव्हा हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी माणसांना शिकवतोय असं मला वाटायचं आणि त्यांना वाटायचं, हा चारचौघांत झापतोय.

आज मला बोलायचंय ते नुकतेच मुकादम, सुपरवायझर, सेक्शन इन्चार्ज किंवा शाखाधिकारी झालेल्यांशी. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांच्याकडूनच आज काम करून घ्यायचंय. तुम्हाला ही जागा बहुतेक एकाच कारणाने मिळालेली असते, ती म्हणजे तुमचा हात चांगला चालतो. आणि नव्या जागेवर पहिली अडचण होते ती याच हाताची.

माझंच सांगतो. चार मागांवर एक नवा पोरगा होता, विशीतला. त्याच्या तिसऱ्या मागावर डाव्या बाजूला धागा सारखा तुटायचा. टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) असतात, एक जमिनीच्या विणीचा आणि एक वर उठणाऱ्या लूपचा. लूपचा धागा तुटला की टॉवेलवर उभी बोडकी रेघ पडते आणि माल सेकंडमध्ये, म्हणजे हलक्या प्रतीत, जातो. रेघ दिसली की मी धावत जायचो, पोराला बाजूला सारायचो, गाठ मारायचो, धागा फणीतून ओवायचो आणि माग चालू करायचो. तीन महिने हेच चाललं. मालक खूश होते आणि मीही खूश होतो.

मग बहिणीच्या लग्नासाठी मी तीन दिवस मोहोळला गेलो. परत आलो तर तिसरा माग बंद. पोरगा म्हणाला, "तुम्ही येणार म्हणून थांबलो." खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. आपल्यावाचून अडतं, याचं सुख असतं माणसाला. त्या मागाची तीन दिवसांची त्याची मजुरी बुडाली, हे माझ्या डोक्यात शिरायला संध्याकाळ झाली.

आमच्याकडे एक म्हातारे जॉबर, म्हणजे माग लावून देणारे जाणते कारागीर, होते, बंद पडलेल्या एका मिलमधून आलेले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आधी हात मागं बांध की. गाठ तूच मारलास, तर त्यो काय शिकणार?"

दुसऱ्या दिवशी ते त्या मागाशी आले आणि पोराच्या मागे हात बांधून उभे राहिले. धागा तुटला. माझे हात शिवशिवत होते, पण मामा हलले नाहीत. पोराने चाचपडत गाठ मारली, माग चालू केला. पंधरा मिनिटांत पुन्हा तुटला. तेव्हा मामा त्याच्या कानाशी वाकले आणि एवढंच विचारलं, "कुठं तुटतोय?" का तुटतोय असं त्यांनी विचारलं नाही. पोरगा वाकून बघत राहिला. चौथ्यांदा धागा तुटला, तेव्हा त्याने फणीवरून नख फिरवलं आणि एका जागी ते अडखळलं. फणीचा एक दात घासून खडबडीत झाला होता आणि तोच धागा कापत होता. तीन महिने मी झटपट गाठी मारत होतो आणि फणीकडे एकदाही पाहिलं नव्हतं!

"का" आणि "कुठे" या दोन शब्दांतला फरक मी त्या दिवशी शिकलो. "का झालं?" म्हटलं की माणूस स्वतःला वाचवायला लागतो. सूत खराब आहे म्हणतो, नाहीतर रात्रपाळीवाल्यावर ढकलतो. "कुठे, कधी, किती वेळा?" म्हटलं की त्याचे डोळे कामाकडे वळतात. बँकेच्या काउंटरवर, दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर किंवा शाळेच्या ऑफिसातही हे लागू पडतं. चूक कोणत्या रकान्यात होते, कोणत्या वेळी होते, हे त्यालाच शोधू द्या.

मात्र एक ध्यानात ठेवा. आडवा धागा नेणारा धोटा मागातून उडाला, कुणाचा हात पट्ट्याजवळ गेला, वायर जळाल्याचा वास आला, तर तिथे प्रश्न विचारत बसायचं नाही. ओरडायचं, मेन स्विच पाडायचा. शिकवणं नंतर.

आपल्या सोलापुरात १८७०च्या दशकात पहिली कापड गिरणी उभी राहिली. गिरण्यांबरोबर जॉबर आला, आणि तेव्हा तो नुसता कारागीर नव्हता. माणसं आणणारा तोच, कामावर ठेवणारा तोच, काढणाराही तोच. कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या सत्तेवर बोट ठेवलं होतं. ती पद्धत गेली, पण साहेब म्हणजे ज्याला लोक घाबरतात तो, हे चित्र आपल्या डोक्यात अजून टिकून आहे. नवा माणूस खुर्चीत बसला की नकळत तेच वठवायला लागतो.

याच्या उलट घडलेली एक गोष्ट आपल्याच धंद्यातली आहे. १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आले होते, पण उत्पादन हवं तेवढं निघेना. कामाचे इतके बारीक तुकडे पाडले होते की कोणता माग नक्की कुणाचा, हेच कळत नव्हतं. ए. के. राइस या ब्रिटिश संशोधकांनी सुचवलं की छोट्या गटाकडे ठरावीक माग सोपवावेत. कामगारांनी ती कल्पना उचलून धरली आणि आपापले गट स्वतःच पाडले. पुढे उत्पादन वाढलं आणि खराब कापड कमी झालं. माग तेच होते आणि माणसंही तीच होती.

आता भाषेचं. आपल्या एका शेडमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी, चारही बोलणारे असतात. चूक समजावून घेताना माणूस स्वतःच्या भाषेतच मोकळा होतो. मला तेलुगू धड येत नाही, पण "एमैंदी?" म्हणजे काय झालं, एवढं विचारता येतं. शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकर घरातली माणसं त्या एका शब्दावर बोलती होतात. पुढचं मला कळलं नाही, तर शेजारचा सांगतो. तुमच्या हाताखाली जी भाषा असेल, तिचे चार शब्द शिका.

आणि जे वयाने मोठे आहेत त्यांना आधी विचारा, शिकवायला जाऊ नका. शिलाई विभागातल्या मावशी वीस वर्षं टॉवेलची कड दुमडताहेत. त्यांना तुम्ही काय सांगणार? "मावशी, नव्या पोरीला तुम्ही दाखवाल का?" असं म्हणा.

आता जे सांगतो ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून थोडा वेळ घेतो. यंत्रमागावर मजुरी बहुधा नगावर असते. तुम्ही माणसाला शिकवायला अर्धा तास थांबवलं, तर त्याचा माग उभा राहतो आणि त्याच्या घरातले पैसे जातात. मग तो मान हलवतो, "समजलं समजलं" म्हणतो आणि पळतो. ते समजलेलं नसतं. त्याला मजुरीची घाई असते. शिकण्याची किंमत कामगाराने द्यायची, हे मला अजिबात मान्य नाही. मी मालकांशी भांडून नव्या माणसाला पहिला महिना रोजावर ठेवायला लावलं. त्यांनी आधी कुरकुर केली. सेकंडचा माल कमी झाला, तेव्हा थांबली. तुमच्याकडे ठरावीक पगार असेल, तरी टार्गेट असतंच. शिकण्याच्या आठवड्यात ते कमी करून घ्या, आणि ते वरिष्ठांशी बोलून तुम्हीच करायचं आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांना नवखी माणसं भराभर तयार करायची होती. तेव्हा त्यांनी शिकवण्याच्या चार पायऱ्या ठरवल्या होत्या. माणसाला तयार करा, काम दाखवा, त्याला करू द्या आणि मग मागोवा घ्या. आपण दुसऱ्या पायरीवर थांबतो. दाखवलं की झालं, असं धरून चालतो.

मागोवा घ्यायला मी सोमवार ठरवला. पाळी सुरू होण्याआधी दहा मिनिटं, गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर, एका वेळी एकच माणूस. शेडच्या आवाजातून बाहेर, म्हणजे ओरडावं लागत नाही. वहीत एकच ओळ लिहायची, या आठवड्यात काय जमवायचं ती. पुढच्या खेपेला त्याच ओळीपासून सुरुवात. चांगलं झालं असेल तर नुसतं शाब्बास म्हणू नका. "शुक्रवारी फणी तू आपण होऊन तपासलीस, म्हणून तो बीम वाचला," असं नेमकं सांगा.

पहिल्या सोमवारी तो बोलणार नाही. दुसऱ्या सोमवारी "सगळं बरं हाय" म्हणेल. तिसऱ्या सोमवारी बहुतेक कामाचं सोडून लाईटबिलाचं नाहीतर पोराच्या शाळेचं काढेल. घड्याळ बघू नका, चहा गार झाला तरी ऐका. चौथ्या सोमवारी तो स्वतःहून म्हणेल, "तिसऱ्या मागाचं जरा बघायचं होतं." तेव्हा त्याच्याबरोबर शेडमध्ये जा, मागाशी उभे राहा आणि हात मागे बांधा.

नमस्कार.