एकाच जॉबचे दोन वेग

नमस्कार श्रोतेहो. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ज्यांच्या घरचं कोणी लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापणाऱ्या मशीनवर, काम करतं, त्यांना आजचा विषय हातानं माहीत आहे. पुस्तकात त्याला कोनीय वेग म्हणतात, म्हणजे फिरणारी वस्तू सेकंदाला किती कोनातून फिरते ते, आणि नाव ऐकूनच अकरावीची पोरं बिचकतात.

समजा, चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, ३० सेंटिमीटर व्यासाचं बिडाचं कास्टिंग (ओतीव तुकडा) धरलंय आणि मशीन २०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला २०० फेऱ्यांनी, फिरतंय. कापायच्या तुकड्याला कारखान्यात जॉब म्हणतात. या जॉबचा वेग किती? कडेचा ठिपका घ्या नाहीतर मध्याजवळचा, दोघांचा फेरा एकाच क्षणी पुरा होतो. म्हणून कोनीय वेग अख्ख्या जॉबचा एकच. रेडियन हे कोन मोजायचं एकक; एक फेरा म्हणजे ६.२८ रेडियन, त्या हिशेबानं सेकंदाला सुमारे २१ रेडियन.

त्याला त्रिज्येनं गुणलं की त्या जागेचा रेषीय वेग, म्हणजे ती सेकंदाला किती अंतर कापते ते, मिळतं. कडेला सेकंदाला ३.१४ मीटर. मध्यापासून दीड सेंटिमीटरवर जेमतेम ३१ सेंटिमीटर. ऐन मध्यावर शून्य! रेडियन वापरायचे ते याचसाठी, नुसत्या गुणाकारात काम भागतं. अंश घेतलेत तर दर वेळी १८० चा भागाकार मागे लागतो.

फेसिंग करताना, म्हणजे जॉबचं तोंड सपाट कापताना, टूल (कापणारं हत्यार) कडेकडून आत सरकतं, तेव्हा हाच फरक समोर दिसतो. बाहेर छान कापणारं टूल मध्याशी आलं की नुसतं घासायला लागतं, फिनिश बिघडतं. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन यावर उपाय करतं: टूल आत येईल तसे फेरे वाढवून कापण्याचा वेग कायम ठेवतं. पण मध्यावर त्रिज्याच शून्य, म्हणजे गणितानं फेरे अनंत हवेत! म्हणून प्रोग्रॅममध्ये कमाल आरपीएम आधीच बांधून द्यावा लागतो. पाठ्यपुस्तकात हे उदाहरण का नसतं, कोण जाणे.

आता ग्राइंडिंग व्हील, म्हणजे धातू घासणारं चाक. त्याचा प्रत्येक कण केंद्राकडे धरून ठेवायला लागणारं बल कोनीय वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. फेरे दुप्पट, तर ताण चौपट. व्हील फुटतं ते यामुळे. तेव्हा दुकानात व्यास आणि भोक जुळलं म्हणून लगेच पैसे देऊ नका. व्हीलवर कमाल आरपीएम छापलेला असतो; तो आपल्या मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी असेल, तर ते व्हील तिथंच परत ठेवा.