धास्ती आणि पान्हा

२०२० च्या उन्हाळ्यात प्रत्येक प्रसूतिकक्षापुढे एकच पेच होता: बाळंतिणीचा कोविडचा स्वॅब पॉझिटिव्ह आला, तर बाळ तिच्याजवळ द्यायचं का? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने एप्रिलमध्ये तात्पुरतं वेगळं ठेवा म्हटलं, जुलैमध्ये सल्ला बदलला. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं मात्र होतं की आई-बाळ एकत्र ठेवा आणि पहिल्या तासातच पाजा. हे म्हणणं बरोबर का होतं, ते पाहू.

दूध तयार होणं आणि पान्हा फुटणं, म्हणजे ते बाहेर वाहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वार पडली की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) झपाट्याने उतरतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दूध भरून येतं. ताणामुळे ते लांबू शकतं, पण सहसा थांबत नाही. पान्हा फुटतो ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे, आणि धास्तीने अ‍ॅड्रेनलिन हे ताणाचं संप्रेरक वाढलं की नेमकं तेच अडतं. बाळ ओढतंय आणि धार नाही. बाळ रडतं, आई आणखी घाबरते, तेवढ्यात कुणीतरी पावडरचा डबा आणतं.

त्यात कोविडच्या वॉर्डात सोबतीला आई नाही, सासू नाही, पीपीई किट घातलेल्या सिस्टरचा चेहराही दिसत नाही. अशा बाईला ‘काळजी करू नका’ म्हणून काय होणार? बाळ उघड्या छातीवर ठेवलं की ऑक्सिटोसिन वाढतं. म्हणजे औषध तेच होतं, आणि आपण तेच काढून घेत होतो.

करायचं असं. आईला मास्क, साबणाने किमान २० सेकंद हात. स्तन दरवेळी धुवायची गरज नाही. त्यावर खोकली असेल तरच धुवावेत. बाळ कोरडं करून उघडंच छातीवर ठेवा, वरून कापड, नाक मोकळं. डोकं दाबून स्तनाला लावू नका, ते स्वतः सरकतं. वजन तासाभराने केलं तरी चालतं. स्पायनल (पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणं) देऊन सिझर झालं असेल, तर टेबलावरही हे जमतं.

पहिल्या दिवशी चीक एका वेळी जेमतेम चमचाभर येतो, आणि तेवढा पुरतो. ‘दूधच येत नाही’ ही तक्रार बहुतेकदा इथूनच सुरू होते. हे आठव्या महिन्यातच सांगून ठेवायला हवं, कळा ओसरल्यावर नव्हे.

आई फारच आजारी असेल, तर हाताने दूध काढायचं: २४ तासांत आठ वेळा, त्यात एकदा तरी रात्री. अंगठा आणि बोटं बोंडीपासून दोन-तीन सेंटिमीटर मागे, आधी छातीच्या दिशेने दाब, मग चिमटीत दाबून सोडणं. बोटं कातडीवरून घसरली तर फक्त आग होते. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं थेंबही येत नाही आणि बऱ्याच जणी तिथेच सोडून देतात. निघालेलं दूध वाटी-चमच्याने पाजावं. बाटलीची सवय लागली की बाळ स्तन नीट धरेनासं होऊ शकतं.

पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा वेळा लघवी झाली, तर दूध पुरतंय. बाळाचं वजन जन्मवेळेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, तर डॉक्टरांना दाखवा. वरचं दूध लागलंच, तर तेही वाटीनेच, आणि स्तनातून काढणं चालू ठेवून.