पिलातापर्यंत पुरावा, त्यापुढे काय?

श्रोतेहो, नमस्कार.

नाताळ आला की आपल्या नागपुरात सदर भागातल्या चर्चवर रोषणाई होते, मित्र केक घेऊन घरी येतात आणि गप्पांच्या ओघात कुणीतरी हटकून विचारतंच, "येशू देव होता म्हणता, पण पुरावा काय?" विचारणाऱ्याला बहुधा चिमटाच काढायचा असतो. समोरचा एकतर चिडतो, नाहीतर "श्रद्धेचा विषय आहे बाबा" म्हणत केकची बशी पुढे करतो. दोघंही तिथेच थांबतात. आपण आज थोडं पुढे जाऊ.

येशू नावाचा माणूस होऊन गेला का, हा त्यातला सोपा भाग. इतिहासकारांत याबद्दल फारसा वाद नाही. इसवी सन ११६ च्या आसपास लिहिणारा रोमन इतिहासकार टॅसिटस याला ख्रिस्ती लोकांचा तिटकाराच होता. तो सांगतो की तिबेरियस सम्राटाच्या काळात पिलात या सुभेदाराने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. ज्यू इतिहासकार जोसीफस येशूच्या याकोब नावाच्या भावाचा उल्लेख करतो. त्याच ग्रंथात येशूची तोंड भरून स्तुती करणारा आणखी एक उतारा सापडतो, पण त्यात मागाहून कुणा ख्रिस्ती नकलकाराने भर घातली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे पुरावाही चाळूनच घ्यावा लागतो. खुद्द पिलाताच्या नावाचा कोरीव दगड १९६१ साली आजच्या इस्रायलमधल्या कैसरियाच्या उत्खननात मिळाला.

इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या एका ग्रंथालयात पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून बनवलेल्या जुन्या कागदाचा, एक तुकडा जपून ठेवला आहे. साडेतीन इंच उंच, अडीच इंच रुंद, दोन्ही बाजूंना ग्रीक अक्षरं, एकही ओळ पूर्ण नाही. सहसा तो दुसऱ्या शतकातला मानतात. योहानाच्या शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या एका येशूचरित्रातला, येशू आणि पिलात यांचा संवाद त्यावर आहे. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागाच्या, जुन्यात जुन्या हस्तलिखितांत त्याची गणना होते. एवढ्याशा चिठोऱ्यावरून काय कळतं? ही कथा तेव्हा लिहिली आणि वाचली जात होती, एवढं कळतं. ती खरी होती का, हे त्या चिठोऱ्याला सांगता येत नाही.

दुसरी गोष्टही पुराव्याने कळते. ३२५ साली निकाया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत मतदान घेऊन येशूला देव ठरवलं, असं पुष्कळदा ऐकू येतं. ते खरं नाही. तिथला वाद एरियस या धर्मगुरूच्या मताचा होता: पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा, की पित्याने निर्माण केलेला? येशूची भक्ती त्याच्या कितीतरी आधीची. ११२ च्या सुमाराला प्लिनी नावाचा रोमन अधिकारी सम्राटाला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याची पत्रं तर येशूच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांतच लिहिलेली. लोक त्याला देव मानत होते, हा इतिहास झाला. तो देव होता, हे मात्र कुठल्याही उत्खननात सापडणार नाही, आणि तो देव नव्हता, हेही नाही.

आपल्या गावातलाच दाखला देतो. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून इथे आहे. हे स्कॉटिश मिशनरी टाकळी, सीताबर्डीच्या भागात दगड फोडत हिंडायचे. लाव्हाच्या थरांमध्ये दबलेले गोड्या पाण्यातले शंख त्यांना मिळाले आणि त्यावरून इथे कधीकाळी गोड्या पाण्याची तळी होती, हे त्यांनी ताडलं. शंख हातात आल्याशिवाय तळं न मानणारा हा माणूस येशूला देव मानत होता, तो दगड फोडून नव्हे. टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेले असता १८६३ मध्ये ते पुरात वाहून गेले.

कवी नारायण वामन टिळकांचंही तसंच. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळकांना धरून ठेवलं ते त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने. पुढे १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चमत्कारांची शहानिशा करून ते ख्रिस्ती झाले नाहीत.

मग श्रद्धेला पुराव्याशी काही देणंघेणंच नाही, असं म्हणावं का? मला ते पटत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, असं पौलानेच करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना बजावलं आहे. ज्या धर्माने आपला देव पिलात या रोमन अधिकाऱ्याच्या कारकिर्दीशी बांधला, त्याला "पुरावा विचारू नका" म्हणायची सोय उरत नाही. येशूचा देह ज्यात गुंडाळला होता असं काही जण मानतात, त्या इटलीतल्या तुरिनच्या कफनाचं कापड १९८८ च्या कार्बन चाचणीत १२६० ते १३९० मधलं निघालं. त्या कापडावर ज्याने श्रद्धा टांगली, त्याची अडचण झाली. टिळकांसारख्याची झाली नसती.

आणि नागपुरात बसून हा विषय काढला की बाबासाहेबांना वगळून चालत नाही. १९५० च्या एका लेखात त्यांनी बुद्ध आणि येशू शेजारी ठेवले. येशूने आपण देवाचा पुत्र असल्याचा आग्रह धरला, बुद्ध मार्गदाता होण्यावर समाधानी राहिला, मोक्षदाता म्हणवून घ्यायला तयार झाला नाही, असं ते म्हणतात. सहा वर्षांनी दीक्षाभूमीवर काय झालं, ते तुम्ही जाणताच. त्यांना जो दावा खटकला, त्याच दाव्यापुढे सदरच्या चर्चमध्ये माणूस गुडघे टेकतो.

पण हा दावा येशूने स्वतः किती स्पष्ट केला, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. योहानात तो उघड बोलतो. त्याच्याआधी लिहिलेल्या मार्काच्या शुभवर्तमानात लोकांना वारंवार गप्प राहायला सांगतो. मार्क फक्त सोळा अध्यायांचं आहे, एका बैठकीत संपतं. आधी ते वाचा, लगेच योहान काढा, आणि केक घेऊन येणाऱ्या मित्राशी भांडायचं असेल तर मग भांडा.

नमस्कार.