घरातला माणूस बदलतो तेव्हा

बेळगावात वडगाव-खासबागकडं गेलात की मागांचा आवाज कानावर येतोच. या घरातला माग मात्र बंद आहे. तो चालवणाऱ्या माणसाच्या मेंदूत, डाव्या बाजूला कपाळामागं, गाठ निघाली. ऑपरेशन करून जमेल तेवढी काढली. तपासणीला पाठवलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला: ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४. म्हणजे मेंदूचा झपाट्यानं वाढणारा कर्करोग.

त्याची बायको बोलायला तयार झाली, पण चेहरा दाखवायचा नाही या अटीवर. गाठीबद्दल ती सरळ सांगते. अडते ती त्यापुढं. लग्न झाल्यापासून कधी आवाज न चढवलेला नवरा आता ताट भिरकावतो, पोराला नको ते बोलतो. आणि थोड्या वेळानं तोच विचारतो, "जेवलीस काय गं?" हे सांगायचं कुणाला? माहेरी सांगावं तर नवऱ्याची बदनामी. सासरी सांगावं तर एकच उत्तर, "आजारी माणसाचं काय मनावर घेतीस."

मनावर घेऊ नये हे खरंच. पण डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं. मेंदूचा कपाळामागचा भाग आपला राग, आपलं बोलणं ताब्यात ठेवतो. तिथं गाठ वाढली की तो ताबा सुटतो. त्यात गाठीभोवतीची सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. त्यानं भूक वाढते, झोप उडते, साखर चढते, माणूस चिडका होतो. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या लेव्हेटिरासिटामनंही काहींची चिडचिड वाढते. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. ते काम डॉक्टरांचं; स्टिरॉइड घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं आहे. घरातली भांडणं दवाखान्यात कशाला सांगायची, असं तिला वाटायचं. आता ती वहीत लिहिते: गोळी किती वाजता दिली, झोप किती झाली, राग कशावरून आला.

फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवायला गल्ली धावते. त्याचा काही उपयोग नाही. तोंडात चमचा तर घालूच नका. माणसाला कुशीवर वळवा, वेळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

दवाखान्याचे रिपोर्ट इंग्रजीत, योजनेचे कागद कन्नडमध्ये, आणि तिची शाळा मराठी. बाजारापुरतं कन्नड तिला बोलता येतं, वाचता येत नाही. सीमाभागात अशी घरं कितीतरी आहेत. शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी तिच्यासोबत जाते, कागद वाचून दाखवते, सही कुठं आणि कशाला ते सांगते. सांत्वनाला आलेल्या सगळ्या पाहुण्यांपेक्षा या मुलीचा आधार मोठा आहे, असं मला मनापासून वाटतं.

बीपीएल रेशन कार्ड असलेल्या घराला आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेतून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. आधी सरकारी दवाखान्याची शिफारस लागते, म्हणून धावपळ तिथून सुरू करा. उपचारासाठी मिरज, हुबळी किंवा मुंबई गाठायची तर रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत.

ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे रेडिएशन, सोबत रोज टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी. पुढं दर २८ दिवसांत पाच दिवस तीच गोळी. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हे उपचार घेतलेले निम्मे रुग्ण १४.६ महिन्यांपेक्षा जास्त जगले, आणि दोन वर्षांनंतर चारांतला साधारण एक हयात होता. हा आकडा बायकोपासून लपवायची पद्धत आपल्याकडं आहे. दीर-भाऊ बाहेर बोलतात, ती आत चहा करते. हे चुकीचं आहे. रात्री उठणारी ती, पुढचं घर चालवणारीही तीच.

आणि तिला झोप मिळत नाही. बचत गटातल्या बायकांनी हे ओळखलं. "काही लागलं तर सांग गं," म्हणून त्या निघून गेल्या नाहीत. दुपारी कुणी ना कुणी खाटेजवळ बसतं, तेवढ्यात ती दार लावून झोपते. शनिवारची रात्र दिरानं अंगावर घेतली आहे. कधी कधी तिच्या मनात येतं, सुटावं एकदाचं यातून. आणि मग स्वतःचीच भीती वाटते. असं मनात येणारी ती एकटी नाही, आणि त्यानं तिची माया कमी होत नाही. हे बोलायला १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फोन मोफत, रात्रंदिवस, मराठीतूनही बोलता येतं.

आणखी एक काम लवकर करायचं असतं. बँकेचं वारसदाराचं नाव, घराचे कागद, पोरांच्या शिक्षणाचे पैसे, हे सगळं माणसाला कळतंय आणि सही करता येतेय तोवरच मार्गी लावावं. शेवटी कुठं राहायचं, हेही त्यालाच विचारावं. तिनं एका शांत सकाळी विचारलं. तो म्हणाला, "घरातच की." म्हणून वेदनाशामक उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ती आत्ताच भेटून आली. दुखणं वाढलं तर कोणतं औषध, गिळता येईना झालं तर काय, रात्री कुणाला फोन करायचा, हे तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, आणि दिरालाही वाचायला दिलंय.