वाटी, चमचा आणि पाठलाग

आज इथे जमलेल्या आई-बाबांनो, आजी-आजोबांनो, माझ्या दवाखान्यात दिवसातून निदान चार वेळा एक वाक्य ऐकू येतं. "डॉक्टर, हा काही म्हणजे काहीच खात नाही हो." सांगणारी आई रडकुंडीला आलेली असते आणि तो दीड वर्षाचा गृहस्थ तोवर माझा स्टेथोस्कोप ओढून, खुर्चीवर चढून, दार तीनदा आपटून मोकळा झालेला असतो. काहीच खात नसेल तर ही गाडी चालते कशावर, असं माझ्या मनात येतं. पूर्वी मी ते बोलूनही दाखवायचे. एका आजींना ते फार लागलं, तेव्हापासून गप्प बसते आणि वजनकाटा पुढे ओढते.

तुम्हीही जरा हिशेब करा. मूल जन्मतं पावणेतीन-तीन किलोचं. पहिल्या वाढदिवसाला ते साधारण नऊ किलोचं होतं, म्हणजे तिप्पट. हाच वेग राहिला तर दुसऱ्या वाढदिवसाला ते २७ किलोचं होईल आणि तिसऱ्याला ८१! तसं होत नाही. दुसऱ्या वर्षात वजन जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते, हा निसर्गाचाच व्यवहार आहे. पण आपण करतो काय? मूल मोठं झालं म्हणून नेमकी त्याच वेळी वाटी मोठी करतो.

त्यात दुसरी भर. दोन वर्षांच्या आसपास मुलाला ताटातलं अनोळखी काही नको असतं. नुकतं चालायला लागलेलं पोर दिसेल ते तोंडात घालत सुटलं तर धोक्याचंच, म्हणून ही सावधगिरी उपजत असावी असं अभ्यासक मानतात. नवा पदार्थ पटायला तो आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो. आपण भेंडी तीनदा देतो आणि जाहीर करतो, "आमच्याकडे भेंडी चालत नाही." तेही पाहुण्यांसमोर, त्याच्या देखत. मग तोही ते वचन पाळतो.

मागच्या पावसाळ्यात एका आईनं मला घरच्या जेवणाचं चित्रण मोबाईलवर दाखवलं. मुलगी एक वर्ष दहा महिन्यांची. सोफ्यावर बसवलेली, समोर कार्टून, बाजूला आजी वरणभाताची वाटी घेऊन. पडद्यावरची नजर न हलवता मुलगी तोंड उघडते, घास आत जातो. चावणं नाही, तो गालात साठतो. दुसरा, तिसरा. गाल टम्म. मग आई वरून पाणी पाजते, सगळं खाली जावं म्हणून. (हे करू नका, ठसका लागतो.) मध्येच जाहिरात लागते. मुलगी भानावर येते, आपल्या तोंडात भात आहे हे तिला तेव्हा कळतं, आणि ती तो थुंकून टाकते. "बघितलंत?" आई म्हणाली. मी बघितलं होतं. जाहिरात लागेपर्यंत ती मुलगी जेवतच नव्हती.

इथे माझ्याही पदरचं एक सांगते. दवाखाना नवा होता तेव्हा अशा मुलांना मी भूक लागायचं औषध सर्रास लिहून द्यायचे. मूळचं ते ॲलर्जीचं औषध. भूक वाढवतं, झोपही आणतं, आणि बंद केलं की सगळं मूळपदावर. आईला बरं वाटायचं, मलाही. आता देत नाही.

१९२०च्या दशकात अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस यांनी एक प्रयोग सुरू केला. अंगावरचं दूध नुकतं सुटलेल्या पंधरा बाळांपुढे तीसेक साधे पदार्थ मांडून ठेवायचे. परिचारिकेनं चमचा घेऊन गप्प बसायचं, बाळ हात करेल तेच द्यायचं, कौतुक नाही, आग्रह नाही. बाळांनी खाल्लं ते आपल्याला वेडगळ वाटेल, कुणी नाश्त्याला संत्र्याचा रस आणि कलेजी! पण वाढ सगळ्यांची उत्तम झाली. एका बाळाला मुडदूस (ड जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ होण्याचा आजार) होता, ते त्यावरचा उतारा म्हणून ठेवलेलं माशाचं तेल आपणहून प्यायचं आणि बरं झाल्यावर त्यानं ते सोडलं. मात्र हे ऐकून बिस्किटांचा डबा मुलाच्या हाती देऊ नका. बाईंनीच पुढे सांगितलं की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. त्यात साखर नव्हती, पाकिटातलं काही नव्हतं. काय मांडायचं हे मोठ्यांनी ठरवलं होतं, किती खायचं ते बाळांनी. मी त्या कार्टूनसमोर जेवणाऱ्या मुलीच्या घरी हीच वाटणी करून दिली. मोबाईल बंद, सगळ्यांबरोबर खाली बसायचं, ताटात दोनच चमचे, वीस-पंचवीस मिनिटांनी ताट निमूट उचलायचं, मधल्या वेळात फक्त पाणी. तीन दिवस घरात सुतक असल्यासारखं होतं म्हणे. चौथ्या दिवशी तिनं बाबांच्या ताटातली भाकरी मोडून घेतली. नुसती भाकरी. भाजीला पुढे दोन महिने लागले.

बरं, "खात नाही" म्हणणाऱ्या घरात मी दुधाचं विचारते. बाटलीनं सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि झोपेत एकदा! दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध पोटात गेलं की जेवणाला जागा कुठली? दुधात लोह नगण्य. लोह कमी पडलं की भूक आणखी मरते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. ही सगळी गरिबाघरची मुलं नव्हेत.

आणि मिक्सर! सहाव्या महिन्यानंतर थोडे दिवस ठीक. नऊ-दहा महिन्यांपर्यंत हातानं कुस्करलेलं, थोडं गुठळ्यांचं खाणं सुरू झालं नाही, तर पुढे चावायचा कंटाळा ठरलेला.

हे सगळं निरोगी मुलांबद्दल झालं. काही मुलं खरंच अडलेली असतात. वजन महिनोन्‌महिने एकाच जागी आहे, गिळताना दरवेळी खोकला येतो, घशात घुरघुर होते, चावायचं काही दिसलं तरी उमासे येतात, खाण्यातले पदार्थ एकेक गळून पाच-सहाच उरलेत, शिवाय बोलणं आणि नजर देणंही मागे आहे. अशा मुलाला हट्टी म्हणू नका, नातेवाइकांना म्हणू देऊ नका. बालरोगतज्ज्ञांकडे न्या. गिळण्या-चावण्यावर काम करणारे थेरपिस्ट असतात, त्यांची गरज पडते. आणि शौचाला खडा होतो का, हे आधी बघा. पोट तुंबलेलं मूल जेवणार कसं?

दुसऱ्या रांगेतल्या आजी मघापासून हात वर करताहेत. त्या विचारताहेत, मग चिऊचा घास, काऊचा घास हेही बंद का? नाही हो आजी. गोष्ट सांगताना तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघता, तो तुमच्याकडे बघतो. पडदा तसं करत नाही. माझी तक्रार आहे ती "हा शेवटचा" या घासाबद्दल. माझ्या आईनं माझ्या मुलाला एका बैठकीत नऊ शेवटचे घास भरवलेले मी मोजलेत. तो आता एकवीस वर्षांचा आहे, आणि अजून कुणी "ही शेवटची पोळी" म्हणालं की आधी डबा उघडून बघतो.